दुसरा हॉर्न

पुलाच्या तोंडाशी यशवंतरावांनी एक हॉर्न दिला आणि बस पुलावर घातली. उजव्या बाजूला, पन्नास-साठ पावलांवर, रेल्वेचा पूल होता आणि सौंसरकडून आलेली छोटी गाडी त्याच्यावरून बसच्या बरोबरीने चालली होती. तिच्या दुसऱ्या डब्याच्या तिसऱ्या खिडकीतून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत बाहेर, पंजा उघडा. दोन हिरव्या बांगड्या, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी करून बांधलेलं घड्याळ. हात कुणाला बोलावत नव्हता की निरोप देत नव्हता. तो नुसता बाहेर होता.

पुलाच्या मध्यावर यशवंतरावांनी अंगठ्याने पुन्हा हॉर्न दाबला. हात आत गेला.

"काकाजी, एक विचारू?" कंडक्टर मनोहर तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन इंजिनाच्या झाकणाशेजारी टेकला होता. "अरुंद पूल हाय, तोंडाशी समदेच हॉर्न देतेत. तुमी मंधात आल्यावर अजून एक कायले देता?"

"पूल लांब हाय."

"लांब तं समद्यायलेच हाय ना!"

"तू आपले तिकिटं पाह्य."

मनोहर हसला. पोरगा तोंडाचा मोकळा होता, आणि चार वर्षं एका गाडीवर काढल्यामुळे यशवंतरावांच्या फटकारण्याची त्याला सवय झाली होती. बस पुलाबाहेर पडली, संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, तेव्हा यशवंतरावांनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं,

"मनोहर, त्या गाडीतून कोनाचा हात दिसला का तुले?"

"हात? एवढ्या थंडीत कोन खिडकी उघडंल? समद्या झडपा बंद होत्या. मी पाहूनच राह्यलो होतो."

यशवंतरावांनी गिअर बदलला. तो हात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा, इंदूचा होता, आणि इंदू नऊ दिवसांपूर्वी काविळीने गेली होती.

यशवंतराव पांढुर्ण्याचे. सकाळी आठाला पांढुर्ण्याहून निघून सौंसर, रामाकोना करत छिंदवाड्याला जाणारी बस ते बावीस वर्षं चालवत होते. खाली बांध घातल्यापासून रामाकोन्याच्या पुढे नदीचा तलाव झाला होता, आणि एक सडकेचा, एक रेल्वेच्या छोट्या लाईनचा असे दोन पूल त्या पाण्यावर शेजारी शेजारी उभे होते. रविवारी सौंसर-पांढुर्ण्याचे लोक डबे बांधून हे पूल पाहायला येत. दोन पुलांमध्ये उभं राहून फोटो काढत, पाण्यात संत्र्याच्या साली टाकत आणि संध्याकाळच्या बसने परत जात. यशवंतरावांना या लोकांचं हसू येई. पूल ही काय पाहायची वस्तू आहे? पूल ओलांडायचा असतो.

आणि ओलांडायचा म्हणजे कसा, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने, नत्थूजींनी, पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तोंडाशी हॉर्न. मग दोन्ही हात चाकावर. कुणी सलाम केला तरी मान हलवायची, हात नाही. "पुलावर चाकावरून हात काढशील ना यशवंता, त्या दिवशी पानी तुले हात लावंल," असं नत्थूजी म्हणत. नत्थूजी दारू प्यायचे आणि पुष्कळ काही म्हणायचे. त्यांच्या इतर सगळ्या गोष्टी यशवंतराव विसरले, पण ही एक विसरले नाहीत.

इंदू नर्स झाली तेव्हा त्यांनी तिला ते घड्याळ घेऊन दिलं होतं. नर्सबाया घड्याळ आतल्या बाजूला बांधतात, नाडी मोजायला सोपं जातं, हे तिने त्यांना दाखवलं, तेव्हा पोरीकडे पाहून त्यांचा ऊर भरून आला होता. तिची नेमणूक तलावापलीकडच्या गावातल्या उपकेंद्रावर झाली. आणि वर्षभरात तिने रामाकोन्याच्या शाळेतल्या हिरामण मास्तरांशी छिंदवाड्याला जाऊन कोर्टात लग्न केलं. यशवंतराव कुणबी, मास्तर बौद्ध. घरात दोन दिवस चूल पेटली नाही. भावकी जमली, आणि भावकीत सगळ्यात मोठे असलेले दादाराव म्हणाले, "रडतो कायले? पोरगी मेली समज. तिच्या नावानं आंघोळ कर अन् मोकळा हो."

यशवंतरावांनी ती आंघोळ घरी केली नाही. दुसऱ्या दिवशी ते ड्युटीवर गेले, पूल ओलांडला, पलीकडे बस कडेला लावली, उतारूंना "पाच मिनिटं" म्हणाले आणि पायऱ्या उतरून तलावात गेले. तीन बुड्या मारल्या. ओल्या खाकी कपड्यांनिशी वर आले आणि छिंदवाड्यापर्यंत बस चालवली. उतारूंना वाटलं, बिचाऱ्याचा काही नवस असेल. एका म्हातारीने तर त्यांच्या पायाला हात लावला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी गाडीच्या खिडकीतून पहिल्यांदा तो हात बाहेर आला.

इंदू रामाकोन्याहून त्या गाडीने उपकेंद्रावर जात असे, आणि बस न् गाडी पुलांवर एकाच वेळी येत. हे यशवंतरावांना ठाऊक होतं. पण ज्याच्या नावानं आंघोळ केली, त्या माणसाकडे पाहायचं नसतं. ते समोर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशीही हात होता, तिसऱ्या दिवशीही. हळूहळू त्यांचा डोळा तिकडे वळायला लागला. चार वर्षं हा क्रम चालला. एखाद्या दिवशी हात दिसला नाही, तर छिंदवाड्याला पोहोचल्यावर त्यांना जेवण गोड लागत नसे. पण त्यांनी आपला हात कधी वर केला नाही. पुलावर हात सोडायचा नाही, हा नियमच होता, आणि नियमाने त्यांची चांगली सोय केली होती.

इंदू गेल्याचं त्यांना रामाकोन्याच्या स्टँडवर कळलं. चहावाल्याने सांगितलं, "तुमची इंदू गेली जी, काल नागपूरले." यशवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला, बस सुरू केली, छिंदवाड्याला नेली आणि परत आणली. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बायकोला, कलाबाईला, सांगितलं. कलाबाई ओरडली नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि किती तरी वेळ एकच विचारत राहिली, "सकाळीच कायले नाही सांगतलं? मी गेली असती ना. तोंड पाह्यलं असतं."

यशवंतराव अंगणात गेले. रिवाज म्हणून बादली भरली, सदरा काढला, लोटा उचलला. कलाबाई दारात येऊन उभी राहिली.

"कोनाच्या नावानं करून राह्यले?"

"इंदूच्या."

"तिची तं तुमी चार साल आधीच केली. आता हे कोनती?"

लोटा बादलीत तसाच राहिला. त्या दिवसापासून यशवंतरावांनी अंगावर पाणी घेतलं नव्हतं. हातपाय धुवत, कपडे बदलत आणि ड्युटीवर जात. आणि गेले नऊ दिवस हात रोज त्याच खिडकीतून बाहेर येत होता. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, डोळ्यांना सवय झाली आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, दुसरी कुणी बाई असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या बाजूचं घड्याळ नीट पाहिलं. तेव्हा त्यांना भीती वाटली, आणि त्याहूनही जास्त एक विचित्र गोष्ट वाटली: आपल्या हिशेबी तर काहीच बदललं नाही. मेलेल्या माणसाचाच हात आपण चार वर्षं पाहत होतो.

शनिवारी संध्याकाळी कलाबाई म्हणाली, "उद्या रामाकोन्याले इंदूच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय. मास्तरनं सांगावा धाडला. मी जातो. तुमी या नाही तं नका येऊ."

यशवंतरावांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा रविवारची सुट्टी टाकली.

त्यांच्या जागी बसवर चिंधू नावाचा ड्रायव्हर होता. यशवंतराव मागच्या सीटवर, उतारू म्हणून, कलाबाईशेजारी बसले. रामाकोना आलं. कलाबाई पिशवी घेऊन उठली. हे बसूनच राहिले.

"उतरत नाही का?"

"मी पूल पाहून येतो."

"बावीस साल पाह्यला ना?"

"उतरून नाही पाह्यला."

कलाबाईने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ती उतरली.

चिंधूने त्यांना पुलाच्या तोंडाशी सोडलं, हॉर्न दिला आणि बस पलीकडे नेली. छोटी गाडी अजून आली नव्हती. रविवारी तिला उशीर होई. पुलाच्या अलीकडे पाहुण्यांची गर्दी होती. कुणी सतरंजी अंथरली होती, कुणी स्टोव्ह पेटवला होता, एक नवी नवरी डोक्यावरचा पदर सांभाळत फोटोसाठी उभी होती. यशवंतराव त्यांच्यातून वाट काढत पुलावर चालू लागले. पायी चालताना पूल भलताच लांब होता. मध्यावर आले तेव्हा मागच्या लोकांचे आवाज एकदम थांबल्यासारखे झाले. माणसं तोंडं हलवत होती, पोरं धावत होती, पण ऐकू काही येत नव्हतं. खाली पाणी हिरवं आणि स्थिर होतं. त्यात दोन्ही पूल उलटे दिसत होते, अगदी वरच्यासारखे, दगडांतल्या सांध्यांसकट. पलीकडच्या पायऱ्याही दिसत होत्या. त्या पाण्यात उतरत होत्या आणि पाण्याखालीही बऱ्याच खोलवर जात होत्या. आपण त्यातल्या कितव्या पायरीवर उभं राहून बुड्या मारल्या, ते यशवंतराव आठवू लागले.

"मामाजी."

ते दचकले. हिरामण मास्तर सायकल हातात धरून उभा होता. पांढरे कपडे, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. चार वर्षांत यशवंतरावांनी आपल्या जावयाला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

"मामीजीनं सांगतलं, तुमी इकडं आले. म्हटलं, घेऊन येतो. कार्यक्रम बारा वाजता हाय."

"येतो," यशवंतराव म्हणाले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "आधी पूल पाहू म्हटलं."

मास्तरने सायकल कठड्याला टेकवली. "इंदूले लय आवडे हा पूल. म्हने, बाबा बोलत नाहीत, पन पुलावर मले हॉर्न देतेत."

खोटं बोलायचा यशवंतरावांना सराव नव्हता. "मास्तर, तो पुलाचा हॉर्न होता. अरुंद पूल हाय. द्यावाच लागते."

"मी बी तिले हेच म्हटलं होतं," मास्तर म्हणाला. "तं हासली. म्हने, पह्यला पुलाचा. दुसरा माहा."

यशवंतराव कठड्याकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला. लोखंड बर्फासारखं गार होतं, आणि ते थरथरत होतं. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज त्या लोखंडातून त्यांच्या हातांत आला. मग पलीकडच्या पुलावर इंजिन आलं, पहिला डबा, दुसरा डबा. तिसऱ्या खिडकीतून हात बाहेर आला.

आज बस नव्हती. हॉर्न नव्हता. हात त्यांच्या समोर आला, समोरून पुढे सरकला, पण आत गेला नाही. यशवंतरावांना वाटलं, आपला हात वर करावा. आता कुठे चाक आहे? आता कोणता नियम आहे? पण दोन्ही हात कठड्यावर तसेच आवळलेले राहिले, डावा आणि उजवा, चाकावर असतात तसे. त्यांनी जोर लावला तरी बोटं सुटेनात. त्यांनी खाली पाहिलं. पाण्यात उलटी गाडी चालली होती, तिच्या दुसऱ्या डब्याची तिसरी खिडकी बंद होती. वर पाहिलं. वर हात होता. तो पूल संपेपर्यंत बाहेर राहिला, खडकाच्या खिंडीत गाडी शिरेपर्यंत बाहेर राहिला, आणि मग दिसेनासा झाला.

पाहुण्यांचे आवाज पुन्हा ऐकू यायला लागले. मास्तर गाडीकडे पाठ करून उभा होता.

"तू काहून नाही पाह्यलं तिकडं?"

"पाहवत नाही जी. पाचव्या दिवशी गेलो होतो त्याच गाडीत बसून, उपकेंद्रातून तिचं सामान आनाले. तिच्याच जागेवर बसलो, दुसऱ्या डब्यात. म्हटलं, खिडकी उघडावं, तिथून पाहावं तिले काय दिसे. पन झडप उघडतच नाही. आमी दोघा-तिघायनं जोर लावला. गार्ड म्हने, चार-पाच दिवसांपासून अडकली हाय."

दोघेही पुलावरून परत निघाले. मास्तर सायकल ढकलत होता आणि मधेच थांबून, जणू हे सांगायचं की नाही याचा विचार करून, म्हणाला,

"तुमी आंघोळ केली ना, त्या दिवशी. गाडी लेट होती, अन् ती गाडीतच होती. तिनं पाह्यलं तुमाले पान्यातून वर येताना. घरी आली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मले म्हने, मी उद्यापासून हात काढतो खिडकीच्या बाहीर. कायले, म्हटलं. तं म्हने, बाबाले दाखवतो, मी हाय म्हनून."

यशवंतराव चालत राहिले. रस्ता दिसत नव्हता, पण पायांना माहीत होता.

कार्यक्रमात ते सगळ्यात मागे बसले. बुद्धाच्या तसबिरीशेजारी इंदूचा फोटो होता, मेणबत्त्या होत्या, वंदना झाली, लोक रांगेने फुलं वाहत गेले. पुढे बसलेल्या कलाबाईने दोनदा मागे वळून पाहिलं. यशवंतराव उठले, फोटोपर्यंत गेले, फूल ठेवलं. फोटोत इंदूचे हात दिसत नव्हते. छातीपर्यंतचाच फोटो होता.

सोमवारी ते पुन्हा ड्युटीवर होते. सकाळी धुकं दाट होतं, पण सौंसर सोडलं तसं निवळलं. रामाकोन्याच्या पुढे तर लख्ख ऊन पडलं. मनोहर नेहमीच्या जागी बसून काल पुलावर किती गर्दी होती ते विचारत होता. यशवंतरावांनी पुलाच्या तोंडाशी हॉर्न दिला, दोन्ही हात चाकावर घेतले आणि बस आत घातली. उजवीकडे गाडी होती. हात बाहेर आला.

मध्यावर त्यांनी दुसरा हॉर्न दिला.

हात आत गेला नाही.

त्यांनी आणखी एकदा दाबला, लांब. मागचे दोन-चार उतारू वाकून समोर पाहू लागले. हात तसाच होता, पंजा उघडा, ऊन बांगड्यांवर पडलेलं. मग यशवंतरावांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून चाकावरून सोडवली. हात खिडकीतून बाहेर काढला, कोपरापर्यंत, आणि पंजा उघडला.

"काकाजी!" मनोहर उभा राहिला. "पुलावर हायेत आपन! हात!"

"बस खाली."

बस जराही हलली नाही. डाव्या हातावर ती सरळ चालली होती. एका पुलावर एक हात, दुसऱ्या पुलावर दुसरा, दोघांमध्ये तलाव. यशवंतराव मोठ्याने म्हणाले, "हाय. हाय व माय, पाह्यलं म्या." आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं. त्यांनी ते लपवलं नाही.

पलीकडचा हात सावकाश आत गेला. त्याच्यामागे खिडकीची झडप खाली आली. तिचा लाकडी आवाज एवढ्या पाण्यावरून, इंजिनाच्या घरघरीतून त्यांना स्पष्ट ऐकू आला.

पूल संपला तेव्हा त्यांनी आपला हात आत घेतला. तो मनगटापर्यंत ओला होता. बोटांवरून थेंब खाकी बाहीवर आणि पायाशी पडत होते, आणि पाणी तलावाचं होतं, त्याला शेवाळाचा वास होता. मनोहरने आकाशाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग त्याने काच पुसायचं फडकं काढून पुढे केलं.

"राहू दे," यशवंतराव म्हणाले.

त्यांनी तो ओला हात कपाळावरून, डोक्यावरून, मानेपर्यंत फिरवला. मग तोच हात पुन्हा चाकावर ठेवला आणि बस छिंदवाड्याच्या रस्त्याला लावली.